भाड्याच्या घराचा जीर्णोद्धार : लाइपझिग नगराची कथा

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हटले की गावात वर्गणी जमते. किल्ल्याचा बुरूज ढासळला की वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते. एखाद्या थोर पुरुषाचे जन्मघर विक्रीस निघाले की सभा भरतात. परंतु ज्या घरात कोणी थोर पुरुष जन्मला नाही, ज्यात तीन-चार पिढ्या केवळ भाडेकरू नांदले आणि महिन्याच्या महिन्याला भाडे मोजून निघून गेले, त्या घराच्या जीर्णोद्धाराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक कोणत्याही जुन्या नगराचे रूप मुख्यतः अशाच घरांनी घडविलेले असते. राजवाडा एक असतो, देवळे दहावीस असतात. बाकीचे नगर म्हणजे लोकांची बिऱ्हाडे.

अशी घरे राखावयाची असतील तर ती कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी राखावीत? हा प्रश्न भावनेचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी जमाखर्च आहे. जर्मनीतील लाइपझिग ह्या नगराने गेल्या दीडशे वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली, आणि प्रत्येक उत्तराचा परिणाम तेथील विटांत व गिलाव्यात उमटलेला आहे. म्हणून ह्या विवेचनासाठी ते नगर निवडले आहे.

१८७१ साली जर्मन साम्राज्याची स्थापना झाली, तेव्हा लाइपझिगची वस्ती सुमारे एक लाख होती. १९३० च्या सुमारास ती सात लाखांवर गेली. पुस्तकांचे मुद्रण, कातड्या-लोकरीचा व्यापार, जत्रेची जुनी परंपरा आणि पश्चिमेकडे नव्याने उभे राहिलेले कारखाने ह्यांनी खेड्यापाड्यांतील माणूस नगरात खेचून आणला. ह्या माणसांना राहावयास घरे हवी होती, आणि ती सरकारने बांधली नाहीत. ती बांधली गवंडीकामातील ठेकेदारांनी, दुकानदारांनी, निवृत्तीनंतरची सोय पाहणाऱ्या मध्यमवर्गीयांनी. कार्ल हाइने ह्या वकिलाने तर नगराच्या पश्चिमेकडील दलदलीच्या जमिनी विकत घेऊन, रस्ते आखून, कालवा खणून तेथे नवी वसाहतच उभी केली. ह्या कालखंडास जर्मन भाषेत ‘ग्रुंडरत्साइट’, म्हणजे संस्थापकांचा काळ, असे नाव आहे. त्या काळात उभे राहिलेले चार-पाच मजली घर हे सामान्यतः कोणाच्या वंशपरंपरागत निवासासाठी बांधलेले नव्हते. कर्ज काढून बांधावयाचे, बिऱ्हाडे भाड्याने द्यावयाची आणि भाड्यातून कर्ज फेडून उरेल त्यावर म्हातारपण काढावयाचे, असा तो सरळ व्यवहार होता. आज ज्यांस आपण ऐतिहासिक वास्तू म्हणतो त्या जन्मतःच गुंतवणुकीच्या वास्तू होत्या, ही गोष्ट प्रथम ध्यानी ठेवली पाहिजे.

ह्या घरांची रचनाही भाड्याच्या हिशोबावर आधारलेली होती. रस्त्याकडील तळमजल्यावर दुकान. पहिल्या मजल्यावर उंच छताचे, नक्षीदार गिलाव्याचे मोठे बिऱ्हाड, सधन भाडेकरूसाठी. वर जावे तसतशी छते खाली येत आणि भाडेही उतरत असे. अंगणापलीकडे मागील इमारत असे. तिच्यात मजूर आणि कारागीर राहत. रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवरचे मुखवटे, वेलबुट्ट्या आणि खांबांचे मथळे बहुधा कारखान्यात साच्यांतून काढून आणून चिकटविलेले असत. साध्या बिऱ्हाडांत शौचकूप घरात नसे. तो जिन्याच्या मधल्या वळणावर असे व दोन-तीन कुटुंबांत सामाईक असे. ज्यांनी मुंबईची चाळ पाहिली आहे त्यांस ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मात्र वाल्डश्ट्रासेच्या परिसरातील वसाहतीसारख्या भागांत घरांचा थाट निराळा होता. गुस्टाव माहलर हा विख्यात संगीतकार १८८६ ते १८८८ ह्या काळात लाइपझिगच्या रंगभूमीवर वाद्यवृंदाचे संचालन करीत होता, तेव्हा तोही ह्याच वसाहतीत बिऱ्हाड करून होता.

हा सरळ व्यवहार पहिल्या महायुद्धाने मोडला. युद्धकाळात व नंतर भाड्यांवर सरकारी बंधने आली. १९२३ च्या चलनवाढीत घरमालकांची कर्जे कागदाच्या मोलाची होऊन फिटली खरी, पण ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजीही त्याच वावटळीत उडाली. सरकारने मग घरमालकांच्या ह्या अनपेक्षित लाभावर कर बसविला व त्यातून नवी घरे बांधण्यास साहाय्य केले. पुढे नाझी राजवट आली. वाल्डश्ट्रासेच्या परिसरात अनेक ज्यू कुटुंबे राहत होती. कातड्यांच्या व्यापारात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांची घरे कवडीमोलाने विकावयास लावण्यात आली किंवा जप्त झाली, आणि माणसांची रवानगी मृत्यूच्या छावण्यांकडे झाली. ४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे झालेल्या हवाई हल्ल्यात नगराचा मध्यभाग जळाला. तरी बाहेरील वसाहतींतील हजारो घरे बचावली. युद्धानंतर लाइपझिगएवढा ग्रुंडरत्साइटचा वारसा शिल्लक राहिलेली नगरे जर्मनीत फार थोडी होती.

बाँबहल्ल्यांतून वाचलेली ही घरे पुढील चाळीस वर्षांत मात्र शांततेच्या काळात मरू लागली. ह्याचे कारण १९३६ साली नाझी सरकारने काढलेल्या एका हुकुमात सापडते. त्या हुकुमाने सर्व किमती व भाडी होती तेथेच गोठविली. राजवट बदलली, पूर्व जर्मनीत साम्यवादी शासन आले, पण जुन्या घरांचे भाडे त्याच पातळीवर राहिले. चौरस मीटरला महिन्याकाठी एका मार्काच्या आसपास. निवारा हा माणसाचा हक्क आहे, त्यावर नफा मिळविणे अनैतिक आहे, हे त्यामागील तत्त्व होते. आणि ते तत्त्व तुच्छ मानण्याजोगे नाही. गरीब विधवेस किंवा विद्यार्थ्यास घर सुटण्याची भीती त्या राज्यात नव्हती. परंतु पन्हळ फुटली तर ती बदलण्यापुरतेही पैसे त्या भाड्यातून उरत नसत. घरमालक अनेकदा एखादा निवृत्त कारागीरच असे. मालकी त्याच्या नावावर, भाडे ठरविणार सरकार, भाडेकरू नेमणार सरकार, कौले आणि सिमेंट मिळणार सरकारच्या मर्जीने. अशा मालकांपैकी कित्येकांनी कंटाळून आपला मालकी हक्क सोडून दिला व घर सरकारच्या स्वाधीन केले.

सरकारचे लक्ष दुसरीकडे होते. एरिक होनेकर ह्यांच्या शासनाने १९९० पर्यंत घरांचा प्रश्न सोडविण्याची प्रतिज्ञा केली आणि सारे बळ सिमेंटच्या तयार तावदानांनी उभारावयाच्या नव्या वसाहतींकडे वळविले. लाइपझिगच्या कडेला ग्रुनाऊ ह्या वसाहतीचा पाया १९७६ साली घातला गेला. तेथे न्हाणीघर होते, नळाला गरम पाणी होते. जुन्या घरात कोळशाची शेगडी आणि जिन्यावरचा सामाईक शौचकूप होता. ज्याला शक्य झाले तो गेला. मागे उरलेल्या घरांत पाणी वरून झिरपू लागले. प्रथम पोटमाळा, मग चौथा मजला, मग तिसरा. कुटुंबे एकेक मजला खाली उतरत गेली. भोवतालच्या खाणींतील निकृष्ट कोळशाच्या धुराने भिंती काळ्या पडल्या, आणि गिलाव्याचे तुकडे डोक्यावर पडू नयेत म्हणून पदपथांवर लाकडी छपरे घालावी लागली.

१९८९ च्या ऑक्टोबरात लाइपझिगचे नागरिक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले, तेव्हा स्वातंत्र्याच्या मागणीबरोबरच डोळ्यांदेखत कोसळणाऱ्या नगराविषयीचा संतापही त्यांच्या मनात होता. ६ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व जर्मन दूरदर्शनवर एक माहितीपट दाखविण्यात आला. ‘लाइपझिग अजून वाचविता येईल काय?’ हा त्याचा प्रश्नार्थक मथळा होता. तिसऱ्या दिवशी बर्लिनची भिंत उघडली. जानेवारी १९९० मध्ये नागरिकांनी आणि वास्तुकारांनी परिषद भरवून जुन्या घरांचे पाडकाम थांबविण्याची मागणी केली. घर वाचविणे ही तेथे केवळ रसिकांची हौस नव्हती. राज्यक्रांतीच्या कार्यक्रमातील ते एक कलम होते.

परंतु पाडकाम थांबले म्हणजे घर उभे राहते असे नव्हे. पैसा कोठून यावयाचा? नगरपालिकेजवळ तो नव्हता, भाडेकरूंजवळ नव्हता, जुन्या मालकांजवळही नव्हता. शिवाय मालक कोण हेच ठाऊक नव्हते. एकीकृत जर्मनीने नुकसानभरपाईपेक्षा मूळ मालमत्ता परत करण्याचे तत्त्व प्रथम मानले. त्यामुळे एकेका घरावर नाझींनी लुबाडलेल्या ज्यू कुटुंबाचे वारस, पश्चिमेस पळून गेलेले मालक आणि मध्यंतरीचे खरेदीदार अशा अनेकांचे दावे पडले. दावा निकालात निघेपर्यंत छप्पर गळतच राही. ज्या वारसांस घर मिळाले त्यांपैकी अनेक दूर देशी होते आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. त्यांनी ते बांधकाम-व्यावसायिकांस विकले.

येथून भाड्याच्या घराच्या इतिहासातील नवे प्रकरण सुरू होते. १९९१ साली शासनाने कायदा केला की, पूर्वेकडील प्रांतांत जो कोणी घर बांधील किंवा जुने घर दुरुस्त करील, त्यास खर्चाच्या निम्मी रक्कम पहिल्या पाच वर्षांतच घसारा म्हणून आपल्या उत्पन्नातून वजा करता येईल. पश्चिम जर्मनीतील सधन मध्यमवर्गाला प्राप्तिकर वाचविण्याचा हा राजमार्ग सापडला. संपूर्ण घर घेण्याची गरज नव्हती. १९५१ च्या पश्चिम जर्मन कायद्याने एकेक बिऱ्हाड स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकता येत होते, आणि तो कायदा आता पूर्वेसही लागू झाला होता. पूर्वी एका घराला एक मालक आणि दहा भाडेकरू असत. आता एका घराला दहा मालक झाले, आणि त्यांतील कित्येकांनी तो जिना कधी चढलेलाही नव्हता.

ह्या पैशाने लाइपझिगचे रूप पालटले हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच पैशाने दोन अनर्थही केले. युर्गेन श्नायडर ह्या व्यावसायिकाने मेडलर-पासाजसारख्या नामांकित वास्तू बँकांच्या कर्जावर घेऊन दिमाखाने सजविल्या. १९९४ साली त्याचे दिवाळे वाजले, तो परदेशी पळाला, बँकांचे पाच अब्जांहून अधिक मार्क थकले आणि कितीतरी लहान कारागिरांची बिले बुडाली. १९९७ साली त्यास कारावासाची शिक्षा झाली. दुसरा अनर्थ अधिक व्यापक होता. करातील सवलत जुन्या घरास होती तशी नव्या घरासही होती. त्यामुळे नगराबाहेर शेतांत नव्या इमारतींचे पीक आले. त्याच काळात कारखाने बंद पडून माणसे काम शोधीत पश्चिमेस निघून गेली. १९८९ साली सव्वापाच लाखांच्या घरात असलेली वस्ती १९९८ साली सुमारे चार लाख सदतीस हजारांवर आली. शतकाच्या अखेरीस जवळजवळ दर पाच बिऱ्हाडांत एक रिकामे होते. हिरव्या-पिवळ्या रंगाने नुकत्याच रंगविलेल्या खिडक्यांमागे कोणी राहत नव्हते. कर वाचविण्यासाठी बिऱ्हाड घेतलेल्या डॉक्टरास आणि अभियंत्यास भाडेकरूच मिळेना, आणि कर्जाचे हप्ते मात्र चुकेनात.

आज ह्या सवलतीचे जे स्वरूप आहे ते मुख्यतः संरक्षित वास्तूंपुरते मर्यादित असून अधिक विचारपूर्वक आखलेले आहे. त्याचा हिशोब एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, पंचाहत्तर चौरस मीटरचे एक बिऱ्हाड तीन लाख युरोंस घेतले. त्यांपैकी तीस हजार जमिनीचे, साठ हजार जुन्या बांधकामाचे आणि दोन लाख दहा हजार जीर्णोद्धाराचे. जमिनीवर घसारा नाही. १९२५ पूर्वीच्या जुन्या बांधकामावर दरसाल अडीच टक्के, म्हणजे पंधराशे युरो. जीर्णोद्धाराच्या खर्चावर मात्र पहिली आठ वर्षे नऊ टक्के आणि पुढील चार वर्षे सात टक्के. बारा वर्षांत सर्व रक्कम वजा होते. पहिल्या आठ वर्षांत ही वजावट दरसाल अठरा हजार नऊशे युरो पडते. ज्याच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर बेचाळीस टक्के कर आहे त्याचे ह्या एकाच कलमाने सुमारे सात हजार नऊशे युरो वाचतात. आता भाडे पाहा. चौरस मीटरला दहा युरो धरले तर वर्षाचे नऊ हजार. आणि सर्व किंमत चार टक्क्यांनी कर्जाऊ घेतली असेल तर व्याजच बारा हजार. म्हणजे भाड्याने व्याजही भागत नाही; तूट भरून निघते ती करातील बचतीने. तेराव्या वर्षी ही बचत नाहीशी होते आणि घर आपल्या भाड्यावर उभे राहते किंवा राहत नाही.

ह्यात आणखी एक बारीक अट आहे. खरेदीचा करार झाल्यानंतर जे काम होईल त्याच्याच खर्चास सवलत मिळते, आणि ते काम वास्तुसंरक्षण खात्याशी आधी ठरवून केल्याचा दाखला लागतो. म्हणून ही बिऱ्हाडे जीर्णोद्धारापूर्वीच विकली जातात. खरेदीदार पैसे मोजतो तेव्हा त्याच्यासमोर गळके छप्पर, कुजलेल्या तुळया आणि एक सुंदर नकाशा असतो. व्यावसायिक मध्येच बुडाला तर त्याच्या वाट्याला भग्नावशेषाचा दहावा हिस्सा येतो. शिवाय विकणाराही हिशोबी असतो. जी बचत सरकारने खरेदीदारास देऊ केली तिचा बराच भाग तो किमतीतच चढवून घेतो. ज्याने घर न पाहता केवळ वजावटीचा तक्ता पाहून बिऱ्हाड घेतले, त्याने घर घेतलेच नाही. बारा वर्षांची एक सवलत मात्र घेतली.

ह्याच नगरात दुसरीही एक वाट शोधली गेली. शतकाच्या आरंभी, रिकामी घरे पाडण्यास सरकारी साहाय्य मिळू लागले, तेव्हा काही नागरिकांनी २००४ साली ‘हाउसहाल्टन’ ही संस्था स्थापिली. मालकाने आपले रिकामे घर काही वर्षे संस्थेच्या हवाली करावे. चित्रकार, विद्यार्थी, लहान कारागीर ह्यांनी तेथे भाडे न देता केवळ चालू खर्च सोसून राहावे, आणि त्याच्या बदल्यात छप्पर, नळ, खिडक्या सांभाळाव्यात, अशी ती योजना. अशा घरांस ‘राखणदार घरे’ म्हणत. माणूस राहतो म्हणून घर टिकते, हे साधे सत्य त्यांनी सिद्ध केले. कर वाचविणाऱ्याने भिंती नव्या केल्या, तर ह्या फुकट्या वाटणाऱ्या मंडळींनी वस्तीत पुन्हा जीव आणला.

आणि तो जीव आला म्हणूनच पुढील पेच उभा राहिला. २०१० नंतर माणसे परतू लागली. लाइपझिगची वस्ती आज सहा लाखांवर गेली आहे. जेथे भाडेकरू मिळत नव्हता तेथे आता बिऱ्हाड मिळेनासे झाले. राखणदारांच्या घरांसही गिऱ्हाईक आले. २०२२ साली साक्सनी प्रांताने लाइपझिग व ड्रेस्डेन येथे नव्या भाडेकरारांवर मर्यादा घातली : स्थानिक प्रचलित भाड्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक आकारू नये. परंतु व्यापक नूतनीकरणानंतर प्रथमच दिलेल्या बिऱ्हाडास ह्या मर्यादेतून सूट आहे. म्हणजे सर्व नागरिकांच्या करातून ज्या घराचा जीर्णोद्धार झाला, त्याचेच पहिले भाडे ह्या मर्यादेपासून मोकळे राहिले. गुंतवणूकदाराच्या बाजूने हे योग्य ठरते, कारण तेराव्या वर्षाची तूट त्यास भरून काढावयाची आहे. पण १९८९ च्या हेमंतात ज्याने ह्या घरासाठी घोषणा दिल्या तो वृद्ध भाडेकरू ते भाडे कसे देणार, ह्याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

आपल्याकडील वाचकास ही कथा दूरची वाटू नये. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. हेतू तोच होता, परिणामही तोच झाला. दुरुस्तीस पैसा नाही म्हणून घरमालकाने हात वर केले. उपकर घेऊन शासनानेच दुरुस्ती करावी यासाठी १९६९ साली कायदा करून मंडळ स्थापावे लागले. आणि भाडे नाममात्र, पण पागडी मात्र लाखांत, असा चोरटा व्यवहार रूढ झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेले भाडे अन्यायकारक ठरविले, तेव्हा कोठे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा झाला व भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तोवर पन्नास वर्षे गेली होती. राज्यविभाजनानंतर गुजरातेतही तोच जुना मुंबईचा कायदा चालू राहिल्यामुळे बडोद्याच्या वाचकांस ही हकीकत निराळी सांगावयास नको.

लाइपझिगच्या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष एवढाच की, भाड्याच्या घरात तीन हिशोब एकत्र नांदत असतात : भिंतीचा, मालकाचा आणि भाडेकरूचा. पूर्व जर्मन शासनाने भाडेकरूचा हिशोब सांभाळला आणि भिंत पडली. १९९१ च्या कायद्याने मालकाचा सांभाळला, तेव्हा भिंत उभी राहिली पण घर रिकामे राहिले. आज भिंत आणि मालक दोन्ही सुरक्षित आहेत, आणि भाडेकरू चिंतेत आहे. जुन्या घरात पैसा गुंतविणे ह्यात काही कमीपणा नाही. ती घरे त्याच हेतूने जन्मली होती. पण ज्याने पैसा गुंतविला त्याने एकदा तरी तो जिना चढून जावे, छपराची तुळई हाताने चाचपून पाहावी, आणि सवलत संपल्यानंतर ह्या दाराआड कोण राहील व काय देऊ शकेल, हे स्वतःस विचारावे. सरकारनेही सवलत देताना हाच प्रश्न विचारावा. आपल्या नगरांतील जे वाडे आणि ज्या चाळी अद्याप उभ्या आहेत, त्यांच्या दारी हा प्रश्न आजही तिष्ठत उभा आहे.